ओला पिवळा

प्रदर्शनात गावातल्या चित्रकारांची चित्रं काळाच्या क्रमाने लावली होती. शेवटच्या दालनात अण्णांनी तरुणपणी काढलेला बाजारातला चौक होता. अण्णांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. चित्र असं हे एकच. इथे मदतनीस असलेली त्यांची मुलगी ते इथे लावावं म्हणून हात धुऊन संचालिकाबाईंच्या मागे लागली होती. चित्रकार आपले वडील आहेत, हे मात्र तिने सांगितलं नव्हतं. वशिला वाटायला नको, अशी तिने मनाची समजूत घातली होती. लग्नानंतर आडनाव बदललेलं, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही.

उद्घाटनाआधी हवेतली आर्द्रता मोजायला ती दालनात शिरली, तर टर्पेंटाइनचा वास आला. अण्णा ब्रश घेऊन चित्रासमोर उभे होते.

"अण्णा! काय करताय हे?"

"अगं, पिवळा पार उडाला होता. पाटी फिकी पडली की मी फुकट रंगवून देतो, माहितीये ना तुला? आणि हा छत्रीवाला केव्हाच गेला. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे, तेही करून टाकलं."

तिने त्यांचा हात धरला, तेवढ्यात बाई आल्या.

"अरे देवा! कोण हे? आत कोणी सोडलं यांना?"

"माहीत नाही, बाई."

शब्द तोंडातून निघूनही गेले. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं आणि ब्रश फडक्याला पुसला.

"चुकलं, बाई. दार उघडं दिसलं म्हणून शिरलो." मग तिला म्हणाले, "मॅडम, बाहीला रंग लागलाय तुमच्या. जपा."

पहारेकरी त्यांना घेऊन गेला.

"निघेल का हे?" बाईंनी विचारलं.

"ओला आहे तोवर निघेल." कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवून ती पुसू लागली. मोबाइलच्या दुकानाखालून छत्री वर आली.

"चित्रकारांना आधी फोन लाव. त्यांची माफी मागायला हवी. लाव, माझ्यासमोरच."

तिने फोन लावला. खाली जिन्यात घंटी वाजली. बाईंनी दाराकडे पाहिलं.

"बोला, मॅडम," अण्णा म्हणाले. आवाज फोनमधूनही आला आणि जिन्यातूनही.

तिला बाईंकडे बघवेना. बाहीवरच्या पिवळ्याकडे बघत ती म्हणाली, "अण्णा, वर या. बाईंना सांगायचंय मला, तुम्ही माझे कोण ते."

जिन्यात पावलं वाजली, सावकाश, वर येणारी.