रूपा कुठल्या भिंतीवर

सावित्राबाईच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू दिवाळीनंतरच्या मोफत शिबिरात निघाला. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, हे ठीकच. पण डोळे दिल्यावर माणूस बघायला काहीतरी मागणार, याचा विचार देवानं करायला नको? पट्टी सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हातारी कान्हे गावातल्या आपल्या लेकीच्या घरात भिंतीभिंतीनं फिरली. आधी लेकीला, चंपाला, म्हणाली, "कोळिष्टकं काड की गं. म्या आंदळी हुते म्हून खपलं तुजं." मग स्वतःच्या नवऱ्याच्या फोटोपुढं उभी राहिली आणि त्याचा हार सरळ केला. जावयाच्या आईचा फोटोही शेजारीच होता. विहीणबाईंशी जिवंतपणी कधी पटलं नव्हतं, म्हणून तिचा हार वाकडाच राहू दिला. त्यापुढची भिंत रिकामी होती.

"आता रूपाला बघायचंय," ती म्हणाली.

चंपा तांदूळ पाखडत होती. तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

रूपा म्हणजे चंपाची थोरली बहीण. आंदर मावळात, डोंगराच्या कुशीतल्या त्यांच्या वाडीवर, पंधराव्या वर्षी तिला भाताच्या खाचरात पान लागलं. सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून पान म्हणायचं, एवढंच. विष काही नावाला भुलत नाही. त्याला आता चाळीसच्या वर वर्षं झाली. चंपा तेव्हा दहाची होती. रूपाचा फोटो घरात नव्हता, कारण तेव्हा वाडीत फोटो कुणाचेच नव्हते.

पण एक निघाला होता. त्याच साली, लावणी चालू असताना, पुण्याचा एक फोटोवाला वाडीवर येऊन तीन दिवस शाळेच्या ओट्यावर राहिला होता. सावित्राबाईच्या हातची नाचणीची भाकरी त्यानं तिन्ही दिवस खाल्ली, आणि जाताना म्हणाला, "मावशी, तुमच्या पोरींचा फोटो पुण्याला गॅलरीत लावणार आहे मी. बघायला या." पुढं पंधरा दिवसांत रूपा गेली. मग पुणं कुठलं आणि गॅलरी कुठली!

सावित्राबाईचा हिशेब मात्र साधा होता. भिंतीत खिळा ठोकला, फोटो टांगला, की तो काढतो कोण? भिंत पडेस्तोवर माणूस तिथंच असतो. तेव्हा रूपा पुण्यात कुठल्यातरी भिंतीवर आहे, धडधाकट आहे, फक्त तिथवर जायचं राहिलंय. चाळीस वर्षं म्हातारी याच भरवशावर होती. आता ती म्हणाली, "बगून या, अन् तिला हितं आणा. नंतर ह्ये डोळंबी जायाचं."

चंपाला नाही म्हणता आलं नाही. त्याचं खरं कारण तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, अगदी नवऱ्यालाही नाही. तिला रूपाचं तोंड आठवत नव्हतं. रूपाच्या भेगाळलेल्या टाचा आठवत, कारण चंपा सदा तिच्या मागनं चालायची, केसांतल्या करंजाच्या तेलाचा वास आठवे, हाक आठवे. तोंडाच्या जागी मात्र काही नाही. आधी ते पुसट झालं, मग कधी गेलं कळलंच नाही. बायका म्हणत, "तू तर तिची सावलीच हुतीस," आणि चंपा मान हलवून चोरासारखी गप्प बसे. सख्ख्या बहिणीचं तोंड हरवणारी बाई कसली, असं तिला वाटायचं.

आधी सोपा उपाय करून झाला. कामशेतच्या सोपान फोटोवाल्याचा मेलेल्यांचे फोटो तयार करण्यात हातखंडा होता. रेशनकार्डावरच्या गर्दीतनं तो एखाद्या आजोबाला उचली, कोट घाली, मागं गुलाब लावी. त्यानं चंपाचा लग्नातला फोटो घेतला, गाल उतरवले, दोन वेण्या घातल्या आणि म्हणाला, "बहिणी-बहिणी सारख्याच दिसतात, मावशी. घ्या, झाली रूपा." सावित्राबाईनं तो फोटो खिडकीपाशी नेऊन पाहिला. "ही चंपीच," ती म्हणाली. "गाल तेवढं चोरल्यात तिचं."

तेव्हा मग चंपाची लेक उज्ज्वला पुढं झाली. ती लोणावळ्यात एका हॉटेलच्या काउंटरवर असते. सुट्टीला आलेल्या शहरी मंडळींना कुठला पॉइंट कुठं आणि किती वाजता धुकं नसतं हे सांगण्यात तिचा दिवस जातो. सगळ्या जगाला वाट दाखवणारी पोर. आजीला एक गॅलरी शोधून देता येऊ नये? तिनं मोबाइलमध्ये बघून पुण्यातली सहा नावं काढली, त्यातली तीन जवळजवळची निवडली, आणि रविवारी सकाळी मायलेकी कान्ह्याहून गाडीत बसल्या. चंपानं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पिशवीत एक नारळ होता. नारळ कशाला, असं उज्ज्वलानं विचारलं तर चंपा म्हणाली, "रिकाम्या हातानं जायाचं व्हय?"

पहिल्या ठिकाणी पाटीवर गॅलरी लिहिलेलं होतं, आणि आत भिंतभर तान्ही बाळं होती; कुणी टोपलीत झोपलेलं, कुणी भोपळ्यात. मालकीणबाईंनी हौसेनं विचारलं, "कितवा महिना आहे?" उज्ज्वला लाजून लाल झाली. लग्न ठरायचा पत्ता नव्हता अजून.

दुसरं ठिकाण म्हणजे मोठं सभागृह होतं. आत चित्रं लावलेली होती, फोटो एकही नव्हता. चंपानं दारातल्या रखवालदाराला सगळं पहिल्यापासून सांगितलं. साल, वाडी, नाचणीची भाकरी, सगळं. तो भला माणूस होता, त्यानं ऐकून घेतलं.

"मावशी, इथं मंगळवारी टांगतात आणि रविवारी संध्याकाळी उतरवतात. दर आठवड्याला नवं."

"उतरवून कुटं ठेवत्यात?"

"ज्याचं त्याच्या घरी जातं."

चंपा तिथल्या पायरीवर बसली. आठ दिवस! बारशाचं तोरणसुद्धा याहून जास्त टिकतं. आई चाळीस वर्षं समजत होती की रूपा पुण्यात उजेडात आहे, येणारे-जाणारे तिला बघताहेत, पोर एकटी नाही. आणि पोर आठ दिवसांत खाली उतरली होती. चंपाला त्या वेळी फार वाईट वाटलं. रूपा दुसऱ्यांदा गेली असंच वाटलं तिला.

"घरी जाऊया का, आई?" उज्ज्वला म्हणाली.

"तिसरी ऱ्हायलीय ना? मग?"

तिसरी गॅलरी एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. इथं फक्त फोटोच होते. पांढऱ्या भिंती, मधे एक बाकडं, आणि चार-सहा माणसं हळू आवाजात बोलत हिंडत होती. चंपानं चपला दाराबाहेर काढल्या. मग तिनं एका टोकापासून सुरुवात केली. बाकीचे लोक एकेका फोटोपुढं घटकाभर थांबून पुढं सरकत. चंपा मात्र फोटोतल्या प्रत्येक माणसाच्या तोंडाशी तोंड नेऊन बघत होती. न्हावी पाहिला, नावाडी पाहिला, जत्रेतल्या गर्दीतली पन्नास तोंडं एकेक करून पाहिली. कुणाचे कोण, पण सगळे कसे जपून ठेवलेले होते! तिला त्या अनोळखी माणसांचा हेवा वाटला.

गॅलरी चालवणारे प्रदीप नावाचे साठीचे गृहस्थ कोपऱ्यातनं हे पाहत होते. ते जवळ आले. "कुणाला शोधताय, मावशी?"

'काय' नाही, 'कुणाला' विचारलं, म्हणून चंपानं पुन्हा सगळं सांगितलं. फोटोवाल्याचं नाव माहीत नव्हतं. उंच होता, डावरा होता आणि भाकरीबरोबर गूळ मागायचा, एवढंच ती सांगू शकली.

प्रदीप विचारात पडले. "त्या काळी मावळात फिरणारे तीन-चारच जण होते. त्यातले डावरे एकच. दहा वर्षं झाली त्यांना जाऊन. त्यांच्या मुलीनं फोटोंच्या पेट्या आमच्याकडे दिल्यात, पण अजून सगळ्या उघडल्या नाहीत. मला महिनाभर द्या."

चंपानं पिशवीतला नारळ काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. नको म्हणायचं त्यांना सुचलं नाही.

तो महिना सरता सरेना. म्हातारी रोज विचारी, "आला का सांगावा?" रिकाम्या भिंतीत तिनं सावळाकडून, म्हणजे जावयाकडून, खिळासुद्धा ठोकून घेतला. जावयाच्या घरी राहते म्हणून वाडीतली माणसं आधीच नाकं मुरडत. त्यात आता ही भिंतीही ठोकायला लागली, असं म्हणून सावळा हसला, पण खिळा त्यानं पक्का बसवला. अखेर एका गुरुवारी उज्ज्वलाच्या मोबाइलवर निरोप आला: सापडला, या.

प्रदीपनी टेबलावर तो मोठा काळा-पांढरा फोटो ठेवला. मागं शाईनं वाडीचं नाव आणि साल होतं. समोर खाचर, चिखल, आणि चिखलात गुडघाभर उभी एक पोर तोंड उघडून खदाखदा हसत होती.

"रूपामावशी!" उज्ज्वला ओरडलीच. "आई, सापडली गं!"

चंपाच्या डोळ्यांना धारा लागल्या. सापडली. अशी होती तर! किती गोड होती! तिनं फोटो जवळ घेतला आणि डोळे पुसून बघायला लागली. हसणाऱ्या पोरीच्या डाव्या भुवईत मधोमध एक खाच होती. चंपाचा हात आपोआप स्वतःच्या भुवईवर गेला. पाट्यावर आपटून पडलेली ती खाच तिथंच होती.

ती पोर चंपा होती. स्वतःचं लहानपणीचं तोंड तिनं कधी पाहिलंच नव्हतं, ओळखणार कुठून? आणि तिच्यापुढं, फोटोवाल्याकडं पाठ करून, एक उंच मुलगी उभी होती. एक वेणी, वर खोचलेला परकर, हातात रोपांची मूठ.

"हितला आजून फोटो आसंल की, भाऊ?" चंपानं विचारलं.

"एकच आहे." प्रदीपनी तोही दाखवला. त्यात चिखलणीचे दोन रेडे होते. रेड्यांची तोंडं अगदी स्वच्छ आली होती.

उज्ज्वला गाडीभर रूपामावशी किती सुंदर होती ते सांगत होती, आणि चंपा खिडकीबाहेर बघत होती. तिनं ठरवलं. सांगायचं नाही. आईला तोंड हवंय, तोंड आहे. या जगात ओळखणारं दुसरं आहे कोण? म्हातारी चार दिवस सुखानं बघेल. पाप लागायचं ते आपल्याला लागू दे.

सावित्राबाई ओट्यावरच वाट बघत होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले, मग फोटो मांडीवर घेतला. चंपा पुढ्यात बसून होती.

"ही रूपा, आये," ती म्हणाली.

"न्हाई," म्हातारी म्हणाली. "ही तू."

चंपानं मान खाली घातली. "व्हय."

"रूपा ही." सावित्राबाईनं पाठमोऱ्या मुलीच्या वेणीवरनं बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत. "येणी म्या घातलेली. त्या दिशी बसत नव्हती, लय चुळबूळ करत हुती. सैल पडलीया बग."

"तोंड न्हाई आलं गं, आये," चंपा म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "अन् मला आठवत न्हाई. लय वर्सं झाली, मला तिचं तोंडच आठवत न्हाई. तुला आठवतंय का?"

म्हातारीनं फोटो पदरानं पुसला. मग हळूच म्हणाली, "म्हून तर आणायला धाडलं तुला."

मग म्हातारीनं पुन्हा फोटो डोळ्यांजवळ नेला. "पर तू येवढी का हसतीयास?"

"मला काय ठावं."

"रूपाकडं बगून हसतीयास. काय केलं तिनं?"

चंपानं पाहिलं. खरंच, ती रूपाच्या तोंडाकडं बघत होती. रूपाचा उजवा कोपर वर उचललेला होता. मूठभर रोपं तिनं डोळ्याशी धरली असावीत. कॅमेऱ्याच्या पेटीसारखी.

"त्याची नक्कल," चंपा म्हणाली. "फोटोवाल्याची. म्हून तर पाठ केली त्याच्याकडं, त्याला दिसू नये म्हून. त्यो एक डोळा मिटायचा, अन् त्याचं तोंड आसं..."

ती थांबली. मग तिनं एक डोळा गच्च मिटला, तोंड वाकडं करून कानाकडं ओढलं, नाक वर चढवलं, आणि मूठ डोळ्याशी धरली.

सावित्राबाईनं फोटो बाजूला ठेवला. ती पुढं सरकली आणि बावन्न वर्षांच्या लेकीच्या तोंडाकडं बघत राहिली.

"नाक आजून वर," ती म्हणाली.

चंपानं नाक आणखी वर चढवलं.

"व्हय. आशीच. आशीच करायची." म्हातारीनं तिची हनुवटी धरली. "आता हलू नगंस."

चंपा हलली नाही. मिटलेल्या डोळ्यातनं पाणी गालावर आलं, ते तिनं पुसलं नाही.