विरळ विणीचा पडदा

तीन महिन्यांसाठी म्हणून बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली, त्याला आता अकरा महिने झाले. नातू रांगायला लागला, त्याला दोन दात आले. आणि इकडे मी विरळ विणीचं कापड शिवायला घेणं बंद केलं. गिऱ्हाइकांना सांगायचो, तसलं कापड टिकत नाही. धडधडीत खोटं. मला ते सरळ कापता येत नाही, ही खरी गोष्ट.

घराच्या पुढच्या खोलीत आमचं पडदे शिवायचं दुकान आहे. एकतीस वर्षं आम्ही दोघं ते चालवतोय. विरळ कापड आलं की बायको कडेचा एक आडवा धागा सुईने उचलायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अलगद काढून घ्यायची. धागा निघाला की तिथे बारीकशी मोकळी वाट उरते. त्या वाटेवरून मी कात्री चालवायचो. लोक म्हणायचे, काय सफाई आहे हाताला! मी मान डोलवायचो. ती शेजारी बसून मशीनमध्ये दोरा ओवत असायची.

दर रविवारी तिचा फोन येतो. "तुमचं काही अडत नाही ना?"

"माझं काय अडायचंय? मजेत आहे."

"मग राहू का अजून महिनाभर? हिची नोकरी सुरू झालीये."

"राहा की."

फोन ठेवला की मी चहा टाकतो. अजून दोन कपांचाच टाकला जातो. दुसरा कपही मीच पितो, आणि मग रात्री झोप येत नाही.

गेल्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. दवाखान्यात पेशंट बसतात त्या खोलीसाठी तीन पडदे हवे होते. मी नाही म्हणायच्या आत कापड टेबलावर ठेवून निघूनही गेल्या. उघडून बघतो तर पलीकडचं सगळं दिसावं इतकं विरळ. म्हटलं, बघू तरी. लोखंडी पट्टी ठेवली, खडूने रेघ मारली, एक पडदा कापला. टांगून पाहिलं तर खालची कड कुठे वर, कुठे खाली, आणि सगळीकडून धागे लोंबताहेत. बाईंना दाखवलं असतं तर त्यांनी त्या कडेला तारच बसवली असती.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी, मी बायकोला फोन लावला.

"आज कसा काय फोन? बरे आहात ना?"

"बरा आहे. तो धागा कसा काढायचा असतो गं?"

"पट्टी लावून कापलंत ना?" ती म्हणाली.

मी वाकडा पडदा घडी करून बाजूला ठेवला.

"कॅमेरा सुरू करा आणि फोन दोऱ्यांच्या डब्याला टेकवून ठेवा. मला कापड दिसू द्या."

मी ठेवला. नातू तिच्या मांडीवर बसून माझी फजिती बघत होता. "ओढू नका," ती म्हणाली. "धागा नुसता धरा आणि कापड मागे सारत न्या." धागा तुटला. "तुटू दे. तिथपर्यंत कापा, तिथून परत उचला. एवढी घाई कसली?" आणखी दोनदा तुटला. मला घाम फुटला. पण तासाभराने दुसरा पडदा कापून झाला. कड अगदी सरळ.

"बघा, जमलं की," ती म्हणाली. आवाज मात्र उतरला होता. "मला आपलं वाटत होतं, माझ्यावाचून अडत असेल तुमचं."

आता तिला परत बोलवायला माझ्याकडे सबबही उरली नव्हती.

"जमलं," मी म्हटलं. "तरी तू ये. मला करमत नाही."

तिने नातवाला खाली ठेवलं. चष्मा काढून पदराने पुसला.

"हे आधी सांगायला काय झालं होतं? अकरा महिने दर रविवारी विचारतेय मी."

मग तिने आत बघून लेकीला हाक मारली, तिकिटाचं काहीतरी बोलली आणि पुन्हा माझ्याकडे वळली.

"तिसरा पडदा कापू नका. तो आपण दोघं कापू."

मी कापड घडी घालून तिच्या खुर्चीवर ठेवलं आणि डॉक्टरीणबाईंना कळवलं की पडद्यांना जरा उशीर होईल.