खडूची खूण

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबांनी स्वतःच्या पोटावरची खूण पुसली आणि शिंप्याच्या खडूने दुसरी काढली. कारण एवढंच, की दुसऱ्याने घेतलेलं माप त्यांना कधी पटलं नाही.

मूत्राशयात कर्करोग होता. डॉक्टर ते मूत्राशय काढून टाकणार होते, आतड्याच्या तुकड्याची नळी करून तिचं तोंड पोटावर आणणार होते, आणि तिथे लघवीची पिशवी लागणार होती, कायमची. बाबांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मला मशीनवर बसता येईल ना?" चाळीस वर्षं ते आपल्या शिंपीकामाच्या दुकानात मशीनपुढच्या स्टुलावर बसले होते. बाकी कशाची चौकशी नाही.

ऑपरेशनच्या रोबोची मात्र केली.

"चार हात? आणि शिवणार तोच?"

"शिवणार मीच," डॉक्टर म्हणाले. "कोपऱ्यात बसून मी त्याचे हात चालवतो."

"मशीन मीही चालवतो, पण कापडाजवळ बसून." मग डॉक्टरांनी दाखवलेल्या चित्रातल्या रोबोच्या हातांवरचं प्लॅस्टिक न्याहाळून, "बाह्या ढगळ आहेत हो. कोणी शिवल्या?"

मी त्यांना चिमटा काढला.

पिशवीची जागा सिस्टरने शाईने आखली होती. त्यासाठी त्यांना उभं केलं, खुर्चीत बसवलं, पट्टा कुठे येतो ते पाहिलं. तिची पाठ वळताच बाबांनी स्पिरिटचा बोळा उचलला.

"बाबा, ते पोट आहे, पँट नाही!"

"मी खुर्चीत बसून शिवतो का? शिवाय वर दोन बोटं माया ठेवली आहे. नंतर पोट आटलं म्हणजे?"

सिस्टर परत आली. "हे कोणी केलं?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. सत्तरीचा माणूस!

"काका, ही बरगडीला टेकली. पिशवी काय शर्टाच्या खिशात ठेवणार?"

"मग तुमच्या खुणेवर मला मशीनवर बसवून दाखवा."

सिस्टरने कमरेवर हात ठेवले. मग खाटेखालचं पायरीचं स्टूल ओढलं. "बसा."

बाबा बसले, वाकले. पाय हवेतच पायडल मारू लागले, बोटं नसलेलं कापड पुढे सरकवू लागली. तोंडाने घर्रघर्र चालू होतं. शेजारच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले. सिस्टरने वाकून पाहिलं. तिची पुसट झालेली खूण पोटाच्या वळीत पार गडप झाली होती.

तिने पेन काढलं. दोन्ही खुणांच्या मधे, वळीच्या वर, शाईने तिसरी खूण केली आणि खडू जप्त केला.

बाबा मशीनवर असताना त्या जागेवरून पिशवी एकदाही सुटली नाही. बाबा पुढे तीन वर्षं बसले. आत पिशवीचा कप्पा असलेली पँट त्यांनी स्वतःसाठी शिवली. मग सिस्टर तशाच पँटसाठी तिच्या पेशंटांची मापं पाठवू लागली. बाबा ती परत धाडायचे. "पेशंटला बसवून माप घ्या म्हणावं."

गेल्या महिन्यात बाबा झोपेतच गेले. शेवटची पँट मशीनवर राहिली होती, एका पायाची मोहरी दुमडायची बाकी. सिस्टर ती न्यायला आली, तेव्हा मी स्टुलावर बसले आणि शिवण घातली. वाकडी आली.

"चालेल गं," सिस्टर म्हणाली.

"नाही चालणार," मी म्हटलं आणि उसवायला घेतली.