तिसरा ठिपका

यज्ञेश्वर हे तात्यापारा या हिंदी मुलखातल्या मराठी मोहल्ल्यातले जुने काच बसवणारे. नव्या राजधानीतल्या एका कार्यालयाच्या दुहेरी काचा बसवायचं काम त्यांच्याकडे होतं. अशा काचेत एका बाजूला धातूचा अगदी पातळ थर असतो. उजेड आत येतो, उन्हाची बरीचशी उष्णता बाहेरच परतते. पण काच सुलटी बसायला हवी. बाहेरची बाजू कोणती, हे वरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं.

खालचा मजला त्यांनी चिठ्ठ्या पाहून पुरा केला. मग उद्घाटनासाठी काचा चकाकाव्यात म्हणून ठेकेदार दिवाकरने उरलेल्यांच्या चिठ्ठ्या आधीच धुऊन काढायला लावल्या. यज्ञेश्वरांनी बाजू तपासायला दोन दिवस मागितले. दिवाकरने त्यांना काढून टाकलं आणि वरचा मजला आपल्या माणसांकडून उरकून घेतला. उन्हाळ्यात वरच्या खोल्या तापल्या, तेव्हा त्याने गावभर सांगितलं की म्हाताऱ्याने काचा उलट्या लावल्या. त्यानंतर तात्यापाऱ्यात त्यांना कुणी साधी खिडकीही देईना.

सून म्हणाली, सोडून द्या. त्यांनी सोडलं नाही.

जुलैत नात ज्ञानदाच्या वर्गाची सहल तिथेच जाणार होती. तीन रविवार त्यांनी वर्गातल्या मुलांना घरी बोलावून एका नमुना काचेवर शिकवलं. टॉर्च धरली की चार ठिपके दिसतात, कारण दोन काचांच्या चार बाजू. थरावरचा ठिपका गुलाबी. खोलीतून मोजताना तिसरा गुलाबी असेल तर काच सुलटी, दुसरा असेल तर उलटी. कुणी चुकलं तर ते रागावत नसत. पुन्हा मोजायला लावत.

सहलीच्या दिवशी तेही वर्गाच्या बाईंची परवानगी काढून सोबत गेले. कार्यालयाचे मोठे साहेब कौतुकाने मुलांमागून फिरत होते, दिवाकरही त्यांच्यासोबत होता. मुलांनी टॉर्च धरून मोजलं, तेव्हा खाली प्रत्येक काचेत तिसरा ठिपका गुलाबी निघाला. वर पहिल्याच खिडकीपाशी ज्ञानदा थांबली आणि साहेबांना हिंदीत म्हणाली,

“सर, यहाँ दूसरा है. ये उलटी लगी है.”

मग दुसरी, चौथी, सातवी. साहेबांनी विचारलं, वरचं काम कुणी केलं? दिवाकर यज्ञेश्वरांजवळ सरकला आणि हळूच म्हणाला की सगळं काम परत तुम्हालाच देतो, फक्त पोरांसमोर नको.

“पोरांसमोरच,” यज्ञेश्वर म्हणाले. “सायबाले सांग, मले कवा काढलं अन् वरच्या काचा कोणी लावल्या.”

दिवाकर खाली बघून काहीतरी पुटपुटला.

“जोरानं सांग. मागच्या पोट्टीले ऐकू नाही येऊन राहिलं.”