बायकांच्या बाजूला लाल वादळ

आमच्या गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघराचं पाणी इतकं कढत की ओहारा सुतार त्यात उतरताना एका उंचीचा असायचा आणि बाहेर येताना चार बोटं कमी. पुरुषांची बाजू आणि बायकांची बाजू यांच्यात एक भिंत, तीही छतापर्यंत न पोचलेली. तिच्यावरून साबण जायचे, घरातली भांडणं जायची, "अगं, मी निघतोय" जायचं. नजर तेवढी जायची नाही.

गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर 'पंचवादळ' हे कार्टून लागायचं. पाच रंगांची पाच पोरं. लाल वादळ म्हणजे "वादळ आलं, दारं लावा" असं ओरडत येणारा पुढारी. गुलाबी वादळ ही त्यातली एकुलती एक मुलगी, आणि तिला दर गुरुवारी न चुकता राक्षस पळवायचे. शुक्रवारी तोच भाग न्हाणीघरामागे, सरपणाच्या ढिगापाशी. लाल म्हणजे तोफूवाल्यांचा दाइगो. गुलाबी मिनेको, कारण मुलगी तीच एक. तिला विजेच्या खांबाला बांधायचं आणि जेवायच्या हाका आल्या की सोडवायचं. त्या उन्हाळ्यात ती इतकी बांधलेली असायची की पाकोळीने तिच्या टोपीत घरटं केलं. अंडी मी स्वतः पाहिली आहेत.

मिनेकोला एकदा, एकदाच, लाल व्हायचं होतं. लालचे सगळे संवाद तिला पाठ होते. दाइगो अडला की खांबावरून तीच पुढचं वाक्य सांगायची. पण विषय काढला की पोरं हसायची. टीव्हीत असं कधी दाखवलंय का, विचारायची. शेवटी एका शुक्रवारी दाइगोने निकाल दिला, "लाल वादळाने स्वतः सांगू दे. मग उद्या तू लाल."

त्या संध्याकाळी पोरं आमच्या बाजूला पाठी घासत होती. पलीकडे काय घडलं ते मला गल्ल्यावरच्या मासुयोबाईंकडून कळलं. त्यांची बैठक उंच, दोन्हीकडचं दिसतं. मिनेको पाटावर फुगून बसली होती. शेजारी सुमिएआजी. ही बाई कुठेतरी कामाला जाते, आल्याच्या गोळ्या चघळते आणि फारसं बोलत नाही, एवढंच गल्लीला माहीत. आजीने काय झालं विचारलं, पोरीने सगळं सांगितलं. मग तोंडातली गोळी काढून आजीने पाटाच्या कडेला ठेवली.

आणि भिंतीवरून आवाज आला.

"वादळ आलं, दारं लावा. दाइगो, उद्या लाल मिनेको. समजलं?"

आमच्याकडचे नळ आपोआप बंद झाले. दाइगोच्या हातचा साबण सुटला तो थेट मोरीतून, आणि ऐकतो की समुद्रात एका कोळ्याला सापडला.

"तो बायकांकडे काय करतोय?" दाइगो कुजबुजला.

"लहान असेल अजून. आईबरोबर आला असेल," दुसरा म्हणाला.

हे सगळ्यांना पटलं. अंगं न पुसताच कपडे चढवून पोरं बायकांच्या दारासमोर जाऊन उभी राहिली. मीही गेलो. बायका निघाल्या, तान्ही पोरं निघाली. लाल वादळ काही निघेना. सगळ्यात शेवटी मिनेको आली, आणि डोक्याला पंचा गुंडाळलेली सुमिएआजी.

"आजीच बोलली," मिनेको म्हणाली.

दाइगो फसकन हसला. म्हातारी बाई कधी लाल असते का, म्हणाला.

आजीला तिथून निघून जाता आलं असतं. आवाज कुणाचा ते मुलांना कळू द्यायचं नाही, असं कार्टूनवाल्यांनी बजावलेलंच होतं. पण मिनेको खाली बघत होती.

"डोळे मिटा," आजी म्हणाली. पोरांनी मिटले. "वादळ आलं, दारं लावा." उघडले, तर सुमिएआजी. मिटले, तर लाल वादळ. बराच वेळ पोरांची ही उघडझाप चालली होती.

"म्हणजे लाल मुलगी आहे?" दाइगोचा आवाज रडवेला झाला.

"मुलगाच आहे रे. मी बाई आहे," आजी म्हणाली. "मुलांनाही माइकसमोर बसवून बघितलं होतं. दोन वर्षांत त्यांचा आवाज फुटतो. माझा टिकतो."

दुसऱ्या दिवशी मिनेको लाल झाली. बाकीच्यांनी आपापले रंग घट्ट धरून ठेवले, तेव्हा उरला तो गुलाबी दाइगोला आला. त्याला खांबाला बांधलं. लाल वादळ सरपणावर चढलं, ओहाराच्या छपरावरून गेलं, तीन गल्ल्या पलीकडचे राक्षससुद्धा मारून आलं. जेवायच्या हाका सुरू झाल्या तेव्हा मिनेको खांबापाशी पोचली. केस विस्कटलेले, गुडघा फुटलेला.

"केवढा वेळ," दाइगो म्हणाला. "आणि इथून तर काहीच दिसत नाही गं."

"माहितीय," मिनेको म्हणाली, आणि गाठ सोडायला लागली.