डावीकडून तिसरी

“दिवंगत दोघी,” कीलिनने यादीवर पेन टेकवलं. “गोलकीपर मोनिका आणि डिम्प्ना टॅन्सी. त्यांच्या वतीने घरचं कुणीतरी मैदानात येईल. अट्रॅक्टा, डिम्प्नासाठी तुम्हीच याल ना?”

अट्रॅक्टा सँडविचला लोणी लावत होती. सुरी जरा थांबली, मग पुन्हा चालू लागली.

“येईन की. सख्खी बहीण माझी.”

मी चहाच्या किटलीआड तोंड लपवलं. कीलिन आमच्या क्लूनशी क्लबाची सेक्रेटरी, वय चोवीस. आम्ही महिला गेलिक फुटबॉल क्लबांचं अखिल आयर्लंड विजेतेपद जिंकलं, तेव्हा तिची आईसुद्धा शाळेत होती. त्याला आता चाळीस वर्षं झाली, म्हणून यंदाच्या फायनलच्या मध्यंतरात आम्हां म्हाताऱ्यांना डब्लिनच्या क्रोक पार्कवर बोलावलं होतं. आणि डिम्प्ना टॅन्सी त्या सामन्यात खेळलीच नव्हती, हे या पोरीला कोण सांगणार?

खेळली होती अट्रॅक्टा. डिम्प्नाच्या नावाने. यादीत ते नाव लिहिणारा हात माझा, कारण कॅप्टन मी होते.

त्या उन्हाळ्यात अट्रॅक्टा डब्लिनला शर्टांच्या कारखान्यात कामाला गेली होती. तिथल्या एका क्लबाला एका संध्याकाळी एक मुलगी कमी पडली आणि हिला नाही म्हणता येईना. एकच सामना खेळली. पण एका वर्षात दोन क्लबांकडून खेळायचं नाही, हा नियम. घराची ओढ लागून सप्टेंबरात परत आली, तेव्हा आमचा सराव कुंपणाबाहेरून बघत उभी राहायची. तिचा तो चेहरा बघवत नसे.

फायनलच्या चार दिवस आधी आमची एकजण पाय मोडून बसली. बदली म्हणून उरली डिम्प्ना, आणि चेंडू अंगावर आला की डिम्प्ना डोळे मिटून घ्यायची. दोघी बहिणींत वर्षाचं अंतर, तेच लाल केस, तोच पुढे आलेला दात. मी फार विचार केला नाही.

शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती. अट्रॅक्टाने पंचेचाळीस यार्डांवरून मारलेला चेंडू गोलाच्या आडव्या दांड्यावरून गेला, आमच्या खेळात त्याचा एक गुण; पांढरं निशाण वर झालं आणि एका गुणाने कप आमचा झाला. पुढच्या रविवारी फादरनी चर्चच्या वेदीवरून डिम्प्नाचं तोंडभरून कौतुक केलं. डिम्प्ना मान खाली घालून बसलेली, आणि शेजारी अट्रॅक्टा तोंडात रुमाल कोंबून हसतेय! सगळ्या गावाला ठाऊक, आणि सगळं गाव मुकं. कुणी तक्रार केली असती तर कप गेला असता.

ते हसू पुढे कुठे गेलं, कळलं नाही. क्लबाच्या भिंतीवर फोटो लागला. मागची रांग, डावीकडून तिसरी: डिम्प्ना टॅन्सी. पदकही डिम्प्नाच्या घरी गेलं. अट्रॅक्टाने सहकारी दुकानात खत आणि खिळे विकले, आणि तीस वर्षं क्लबाच्या जर्स्या धुतल्या. तसा दिवस पुन्हा आमच्या नशिबी आला नाही.

कीलिन गेल्यावर मी म्हटलं, “आता बस झालं. चाळीस वर्षांनी कप मागायला कोण येतंय? मी सांगते, नाव मी लिहिलं म्हणून.”

“गप गं, बर्नी.”

“अगं, जितीजागती तू, आणि तुला मेलेल्यांत घालताहेत!”

तिने पावाचे तुकडे गोळा केले. “डिम्प्नाला शेवटी काही आठवत नव्हतं. पोरांची नावंसुद्धा नाहीत. पण नर्स आली की सांगायची, पंचेचाळीस यार्डांवरून मारला मी, डाव्या पायाने. मी शेजारीच बसलेली असायचे.”

“मग तू काय म्हणायचीस?”

“म्हणायचे, वारा समोरून होता ते सांगायचं राहिलं तुझं, डिम्प्ना.” तिने सुरी पुसली. “आता मेल्यावर तिच्याकडून ते काढून घेऊ होय?”

मला तिचा राग आला होता आणि माझा त्याहून जास्त.

डिसेंबरातल्या त्या शनिवारी क्रोक पार्कवर हाडं गोठवणारी थंडी होती. आमची फायनल झाली होती एका चिखलाच्या मैदानात, दोनेकशे माणसं आणि एका कुत्र्यासमोर. स्पीकरवर एकेक नाव येत होतं. “डिम्प्ना टॅन्सी, देव तिच्या आत्म्याला शांती देवो. तिच्या वतीने, बहीण अट्रॅक्टा.” ती ठेवणीतला निळा कोट घालून चालत आली. टाळ्या वाजल्या. माझ्याजवळ येऊन तिने हळूच विचारलं, “पंचेचाळीस म्हणजे कुठून गं?”

मी गवतावरची रेषा दाखवली.

“एवढ्या लांबून?” ती म्हणाली, आणि गोलाकडे बघतच राहिली.

फोटोग्राफर ओरडला, “जुन्या फोटोसारख्या उभ्या राहा! नातेवाईक उजव्या टोकाला!” मोनिकाचा नवरा निमूट टोकाला गेला. अट्रॅक्टा मात्र चालत गेली ती थेट मागच्या रांगेत, डावीकडून तिसरी. तिच्या ध्यानातही आलं नाही.

“बाई, नातेवाईक तिकडे.”

ती दचकली. कानापर्यंत लाल झाली आणि निघायला वळली. दोन्ही बाजूच्या दोघींनी तिच्या हातात हात अडकवले.

“तिची जागा बरोबर आहे,” मी म्हटलं. “काढा तुम्ही फोटो.”

आता ते दोन्ही फोटो क्लबात शेजारी शेजारी आहेत. नव्याखाली कीलिनने सुबक अक्षरांत लिहिलंय, डावीकडून तिसरी: अट्रॅक्टा टॅन्सी, कै. डिम्प्ना टॅन्सी यांच्या वतीने. खिळा ठोकून झाल्यावर ती पोरगी मागे सरकली आणि एकदा या फोटोकडे, एकदा त्या फोटोकडे बघत राहिली.

“काय एकसारख्या दिसायच्या हो तुम्ही बहिणी!”

“दात तोच,” अट्रॅक्टा म्हणाली, आणि चिखलाने भरलेल्या जर्स्यांची पिशवी उचलून घरी गेली.