बिडी ज्याची त्यानं पेटवावी

मी लायटर बोलतोय. लगेच खिसे चाचपू नका, तुमचा नाही मी.

कुठल्या कारखान्यात घडलो ते मला ठाऊक नाही. जाग आली ती बारामतीच्या बाजारात, अंथरलेल्या पोत्यावर, कंगवे आणि कुलपांच्या मधे. पत्र्याचं जाड अंग, तळाला गॅस भरायचं भोक. निमगाव केतकीच्या महिपतीनं माझं चाक दोनदा ओढलं, ज्योत बघितली आणि मला घेतलं.

महिपती ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मग बिडी पेटवणार कशी? मडगार्डवर त्याचं पोरगं बसलेलं असायचं, अविराज. अजून दुधाचे दात पडत होते त्याचे. महिपती नुसतं म्हणायचा, "पेटव." पोरगं बिडी स्वतःच्या तोंडात धरायचं, माझं चाक ओढायचं, दोन झुरके मारून विस्तव धरला की ती बापाच्या ओठांत द्यायचं. वाऱ्यात दोन झुरक्यांशिवाय बिडी धरत नाही. बघणारे म्हणायचे, पोरगं कामाचं आहे. त्यातल्या एकालाही लाज वाटली नाही. वाटणार कशी? त्यांनी स्वतः लहानपणी म्हाताऱ्यांच्या बिड्या चुलीवर पेटवून आणल्या होत्या. माझ्यामुळं फक्त चूल गेली.

अविराज सोळाचा झाला तेव्हा गोठ्यामागं स्वतःची बिडी ओढताना सापडला. बापानं आधी पट्ट्यानं फोडला. "माझ्याम्होरं धूर काढतो व्हय रं?" मग मला पेटवलं आणि पोराचा तळहात ज्योतीवर दाबून धरला. कातडीचा वास आला. आई ठमाबाई दारात उभी होती. बास करा म्हणाली, तेही पदरात तोंड खुपसून. पोरानं मला हिसकावलं, बापाच्या कानशिलावर हाणलं आणि पळालं. त्यानंतर त्या घराचं दार त्याला उघडलं नाही.

मग इंदापूरचं एसटी स्टँड. वॉचमन बाकड्यावरून काठीनं उठवायचा, कुत्र्याला उठवतात तसं. पोटात काही नसलं की अविराज बिडी ओढायचा. भूक थोडा वेळ मरते. जेवलास का असं विचारणारं कुणी नव्हतं, आग आहे का विचारणारे सगळे. माझ्यामुळं त्याला सोबती मिळाले. त्यातली एक मोना, सावत्र बापाला चावून घरातून पळालेली. तीही ओढायची. एकदा एका रिक्षावाल्यानं तिचा हात धरला. अविराजनं मला मुठीत घेतलं. मूठ भरीव असली की ठोसा जड बसतो. रिक्षावाल्याचे दात रस्त्यावर पडले, त्यातल्या एकाचा ओरखडा अजून माझ्या अंगावर आहे.

स्टँडसमोर म्हाताऱ्या मेहबूबबीचं गादीघर. नवरा गेल्यावर कापूस पिंजायचं मशीन ती एकटीच चालवत होती. हा ठोसा तिनं दुकानातून बघितला आणि दुसऱ्या दिवशी पोराला बोलावलं.

"हातात जोर हाय तुझ्या. काम कर, आत झोप. पन हितं सगळी रुई हाय. एक ठिणगी पडली तर तू बी जळशील, मी बी. बिडी सोडायची असंल तर आत ये, न्हायतर तिकडंच मर."

तो आत गेला. लायटर टाकला म्हणून सांगितलं, पण मला खिशातच ठेवलं. मारामारीला लागतो म्हणून.

सोडणं काय असतं ते मी खिशातून बघितलं. घामानं कापड भिजायचं, मेहबूबबीच्या अंगावर तो ओरडायचा. तल्लफ आली की काठी घेऊन गाद्या बडवायचा. काठी मोडली. म्हातारीनं उपदेश न करता दुसरी दिली. मोना दारात येऊन मुद्दाम धूर सोडायची, "काय गादीशेठ" म्हणायची. त्यानं ढकललं, तिचा ओठ फुटला. काही दिवस ती आली नाही. मग येऊन पायरीवर बसली आणि हळूच म्हणाली, "लय तरास होतो का रं?"

"व्हय," तो म्हणाला. "पन रात्री झोप लागती."

आणि एका दुपारी महिपती आला, खांद्यावर जुनी गादी घेऊन. पोरगं इथं आहे हे त्याला माहीत नव्हतं. बघितलं, पण कसा आहेस विचारलं नाही. गादी दोन्ही हातांनी धरलेली, बिडी ओठांत. मान पुढं करून म्हणाला, "पेटव."

अविराजनं विचार केला असता तर केलं नसतं. पण त्या शब्दाला त्याचा हातच उत्तर द्यायचा. बिडी काढली, स्वतःच्या तोंडात धरली, माझं चाक ओढलं.

हवेत रुईचे तंतू तरंगत होते. ज्योत त्यांवर उडी मारून गेली. दाराजवळचा ढीग भपकन पेटला, पोराच्या भुवया गेल्या. मेहबूबबीनं ओलं पोतं टाकलं, वर स्वतः पडली. तिचे हात कोपरापर्यंत भाजले. महिपती कुठं होता? रस्त्यावर. गादी पोराच्या अंगावर टाकून पहिला तोच पळाला.

आग विझली. मेहबूबबी भाजल्या हातानं काठी घेऊन बाहेर आली आणि महिपतीच्या पाठीत घातली. मग पोराला म्हणाली, "तू बी नीघ." हे बोलताना ती रडत होती.

महिपतीनं पाठ चोळली, दुसरी बिडी काढली. "चल घरी. हितं काय भीक मागतो? पेटव."

घर. कितीदा झोपेत त्यानं त्या घराचं नाव घेतलं होतं, मला माहीत आहे. तो मला घट्ट धरून उभा राहिला. मला वाटलं, आता बापाचे दात. धूर बघून धावत आलेली मोना म्हणाली, "अवी, नको."

"तात्या," तो म्हणाला, "तुमची बिडी तुमी पेटवा."

आणि मला गटारीत फेकलं.

इथून मला गादीघराची पायरी दिसते. मेहबूबबीनं त्याला आत झोपायला अजून घेतलेलं नाही. तो पायरीवरच झोपतो. सकाळी उठून जळका कापूस निवडतो, मशीन चालवतो, तिच्या हातांना मलम लावतो. ती शिव्या देते आणि हात पुढं करते. कधी बिडीसाठी तो वेड्यासारखा होतो, भिंतीवर बुक्क्या मारतो. मोना त्याला धरून ठेवते. तिनं बिडी सोडलेली नाही अजून, पण त्याच्याजवळ बसताना पेटवत नाही.

मोठ्यांनो, पोरांच्या तोंडानं बिड्या पेटवून घेणाऱ्यांनो, तुम्हाला सांगून काही फरक पडायचा नाही. म्हणून पोरांना सांगतो. गटारीत मी चमकलो तर उचलू नका. माझ्यात अजून गॅस आहे.